एकच फोर्क मऊही आणि कडकही कसा?

प्रश्न : माझ्याकडे 2018 ची डोमिनार 400 आहे. रोज बोरिवलीहून अंधेरीला ऑफिस, आणि जमेल तेव्हा शनिवार-रविवारी नाशिक, माळशेज नाहीतर कोकण. माझं वजन 92 किलो. लांबच्या वाटेला बायको मागे असते आणि दोन्ही बाजूंना बॅगा. जोरात ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसते, म्हणून वाटतं पुढचे शॉकअप मऊ पडलेत. पण वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या उड्डाणपुलांवर प्रत्येक जोडाला मनगटात असा दणका बसतो की वाटतं, हे तर फारच कडक आहेत. एकच शॉकअप मऊही आणि कडकही कसा असेल? मित्र म्हणतो, नव्या डोमिनारचे नाहीतर ड्यूकचे यूएसडी फोर्क टाकून घे. मेकॅनिक म्हणतो, जाड तेल घालतो, काम होईल. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, बोरिवली (पूर्व)

उत्तर : तूर्त दोघांचंही ऐकू नका. तुम्ही जे टिपलंय ते अचूक आहे. या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण त्या बहुतेक वेळा जोडीनेच येतात. त्यामागचं कारण कळलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे घालायचे नाहीत, हे आपोआप ठरतं.

फोर्कच्या नळीत दोन निरनिराळी कामं चालतात. स्प्रिंग वजन पेलते. ती किती दबली आहे, तेवढा तिचा जोर. तेल वेग आवरतं. फोर्क किती दबलाय याच्याशी तेलाला देणंघेणं नाही, तो किती वेगाने दबतोय याच्याशी आहे. बीएमडब्ल्यूने 1935 मध्ये आर 12 आणि आर 17 या गाड्यांवर तेलाने आवरला जाणारा टेलिस्कोपिक फोर्क बाजारात आणला. कामांची ही वाटणी तेव्हापासून आजतागायत तशीच आहे.

आता तेलाचं बघू. आपल्याकडच्या बहुतेक साध्या टेलिस्कोपिक फोर्कमध्ये एक पोकळ दांडी असते, तिला डॅम्पर रॉड म्हणतात. तिला ठरावीक मापाची भोकं असतात. फोर्क दबला की तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते. होळीची पिचकारी आठवा : सावकाश दाबली तर धार सहज निघते, एका झटक्यात रेटायला गेलं तर दट्ट्या जागीच अडतो. हिशोब असा की वेग दुप्पट झाला तर तेलाचा विरोध चौपट होतो, तिप्पट झाला तर नऊपट. ब्रेक लावल्यावर फोर्क तसा आरामात दबतो, ढोबळमानाने सेकंदाला 20 सेंटीमीटरच्या आसपास. ताशी 60 च्या वेगाने दोन सेंटीमीटर उंचीच्या कडेवर चाक चढतं, तेव्हा मात्र तोच फोर्क सेकंदाला दोन-तीन मीटरने दबायला बघतो. वेग दहापट, म्हणजे विरोध कागदावर शंभरपट. त्यातला काही भाग टायर गिळतो, उरलेला हँडलवाटे तुमच्या मनगटात येतो. ब्रेकच्या वेळी त्याच भोकांतून तेल बिनविरोध निघून जातं आणि गाडी नाक खुपसते. मऊ आणि कडक, दोन्ही एकाच भोकाची करणी.

यात मेकॅनिकच्या जाड तेलाचं उत्तर आलंच. तेल जाड केलं की दोन्हीकडचा विरोध वाढतो. नाक खाली जायला क्षणभर जास्त लागेल, आणि जोडावरचा दणका आणखी वाईट होईल. शिवाय नाक शेवटी किती खाली जाईल, हे तेल ठरवतच नाही. ते फक्त किती लवकर जाईल एवढं ठरवतं. नाशिकहून परतताना कसारा घाटाच्या उतारावर तुम्ही ब्रेक धरून ठेवता, तेव्हा तेलाचं काम पहिल्या अर्ध्या सेकंदात आटोपलेलं असतं. पुढचं सगळं ओझं स्प्रिंगवर. काही ठिकाणी फोर्कमध्ये 20W-50 इंजिन ऑइल ओतून ‘कडक करून दिलं’ म्हणतात. तसं कोणी सुचवलं तर गाडी तिथून काढा.

खरी गोम स्प्रिंगमध्ये आहे, आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण ती दिसत नाही. कारखाना स्प्रिंग निवडतो ती मध्यम वजनाचा स्वार डोळ्यांपुढे ठेवून. 92 किलोचा माणूस, वर जॅकेट, हेल्मेट आणि पाठीवरची बॅग, म्हणजे शंभरी गाठलीच. एक हिशोब मांडतो. गाडी 182 किलो, तुम्ही 92, व्हीलबेस 1453 मिलिमीटर. पुरेसा कडक ब्रेक लावला तर मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर सुमारे 98 किलोचा भार सरकतो. उदाहरणादाखल धरू की प्रत्येक पायातली स्प्रिंग मिलिमीटरला 0.8 किलोची आहे, दोन्ही मिळून 1.6. नुसतं बसल्यावर गाडी साधारण 48 मिलिमीटर खाली बसेल, ब्रेकला आणखी 61. एकूण प्रवास 135 मिलिमीटर, शिल्लक राहिले 26. ब्रेकमध्ये असताना समोर खड्डा आला तर तो सोसायला तुमच्याकडे जेमतेम अडीच सेंटीमीटर उरलेत. आता स्प्रिंग 0.95 ची घातली, प्रीलोड (स्प्रिंग बसवतानाच तिला दिलेला दाब) तेवढीच ठेवली, तर बसल्यावर 37 आणि ब्रेकला 52. शिल्लक 46. आतल्या हवेचा जोर आणि फोर्कचा कल मी सोडून दिलाय, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे हलतील, पण फरकाची जात हीच राहील.

आणि इथेच ती दुसरी गंमत कळते की स्प्रिंग जरा कडक घातल्यावर गाडी मऊ का वाटते. मऊ स्प्रिंगवर फोर्क कायम खालच्या टप्प्यात बसलेला असतो. तिथे तेलावरची हवा आधीच दाबली गेलेली असते आणि शेवटच्या काही सेंटीमीटरमध्ये तिचा जोर झपाट्याने चढतो. म्हणजे तुम्ही रोज फोर्कच्या सर्वांत ताठ भागावर गाडी चालवताय. योग्य स्प्रिंगने तो वर उचलला की जोडाचे दणके निम्मे इथेच संपतात.

तुमची स्प्रिंग तुम्हाला पुरते की नाही, हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये कळू शकतं. एक केबल टाय, टेप आणि दोन माणसं लागतात. पुढच्या फोर्कच्या चकचकीत पाइपला केबल टाय घट्ट बांधा आणि सरकवून खालच्या सीलला टेकवा. गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर घेऊन पुढचं चाक हवेत उचला, म्हणजे फोर्क पूर्ण लांब होईल. या स्थितीत सीलपासून वरच्या टीपर्यंतचं, म्हणजे फोर्कचे पाय पकडणाऱ्या ब्रॅकेटपर्यंतचं, अंतर मोजा. मग गाडी खाली घ्या. रोज घालता ते सगळं अंगावर चढवून, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसा. एकाने मागून गाडी सरळ धरायची, दुसऱ्याने मोजायचं. पाइप आणि सील यांच्या घर्षणामुळे एकच माप फसवतं. म्हणून एकदा हँडल दाबून हळूच वर येऊ द्या आणि मोजा, एकदा वर उचलून हळूच खाली बसू द्या आणि मोजा. दोन्हींची सरासरी पहिल्या मापातून वजा केली की आला तुमचा सॅग. लांब पल्ल्याच्या गाडीला तो एकूण प्रवासाच्या पाव ते तीस टक्के असावा, म्हणजे डोमिनारला 34 ते 40 मिलिमीटर. 48-50 आला तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. नंतर केबल टाय तसाच ठेवून एक आठवडा ऑफिस करा. तो वर किती सरकतो, त्यावरून कळेल की रोजच्या रस्त्यावर तुम्ही फोर्कचा तळ गाठताय का.

सॅग जरा जास्त असेल तर स्प्रिंगच्या वरच्या स्पेसरची लांबी वाढवून प्रीलोड देता येते. पण प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी वर बसते. फार प्रीलोड भरली तर फोर्क लांब होताना वरच्या टोकाला ठोकायला लागतो आणि पेव्हर ब्लॉकवर पुढचं चाक जमीन सोडतं. दहा-बारा मिलिमीटरने भागत नसेल तर स्प्रिंगच बदला, आणि सरळ दराची घ्या. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग सुरुवातीला मऊ आणि पुढे कडक असते. ती ऐकायला छान वाटते, पण मऊ भागातच सगळा सॅग खर्च होतो.

बायको मागे बसते, ती गोष्ट मी मुद्दाम वेगळी काढतोय. मागच्या माणसाचं आणि बॅगांचं वजन जवळजवळ सगळं मागच्या चाकावर जातं. पुढची स्प्रिंग निवडताना फक्त स्वाराचं वजन धरा. जोडीने निघताना मागच्या शॉकअपची प्रीलोड वाढवा, नाहीतर मागचं बूड बसतं, पुढचा फोर्क जास्त कलतो आणि घाटातल्या वळणावर हँडल जड होऊन गाडी बाहेर ओढते. अनेकांना हा फोर्कचा दोष वाटतो आणि ते पुढे पैसे घालतात. मागची प्रीलोड फिरवायला एक पाना आणि पाच मिनिटं लागतात.

तेलाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सर्वांत कमी खर्चात सर्वांत मोठा फरक तिथे पडतो. 2018 च्या गाडीत ते कधी बदललंय का? बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असतं, कारण नेहमीच्या सर्व्हिसमध्ये ते कोणी काढत नाही. फोर्कचं तेल बाहेर येतं तेव्हा राखाडी असतं, त्यात बुशच्या धातूची चमक तरंगते आणि उग्र वास येतो. आपल्या धुळीत आणि पावसात दोन वर्षांनी किंवा 20 हजार किलोमीटरला ते बदलावंच. जाडी मॅन्युअलमध्ये सांगितली आहे तीच ठेवा. आणि एक लक्षात ठेवा : डब्यावरचा 10W हा आकडा एका कंपनीचा दुसरीशी जुळतोच असं नाही. डब्यामागे 40 अंशांला किती सेंटिस्टोक्स लिहिलंय ते वाचून तुलना करा. तेल मिलिलिटरमध्ये मोजून ओतण्यापेक्षा पातळी मोजणं चांगलं. स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, पाइपच्या वरच्या कडेपासून तेल किती खाली आहे ते बघायचं, आणि दोन्ही पायांत सारखं ठेवायचं. ही पातळी 10 मिलिमीटरने वर नेली तरी शेवटच्या टप्प्यातला ताठपणा जाणवण्याइतका वाढतो.

स्प्रिंग आणि तेल झाल्यावर दोन महिने गाडी चालवा. तरीही जोडाचा दणका खटकत असेल तर पुढची पायरी कार्ट्रिज इम्युलेटरची. हा नाण्याएवढ्या घेराचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो डॅम्पर रॉडच्या डोक्यावर ठेवतात आणि वरून मुख्य स्प्रिंग त्याला दाबून धरते. आत एक झडप असते. सावकाश हालचालीला ती जवळपास बंद राहते, म्हणून ब्रेकला आधार मिळतो; झटका आला की उघडते, म्हणून दणका विरतो. तुम्ही विचारलेल्या कोड्यावर नेमका हाच इलाज आहे. अमेरिकेच्या रेस टेकचे इम्युलेटर यासाठी जगभर ओळखले जातात. घेताना तुमच्या फोर्कच्या पाइपचा आतला व्यास मोजून घ्या. एक अट आहे : तो बसवताना डॅम्पर रॉडची भोकं मोठी करून आणखी पाडावी लागतात, म्हणजे मूळ दांडी परत वापरता येत नाही. आधी एक जादा दांडी विकत घ्या, तिलाच भोकं पाडा आणि कारखान्याची जपून ठेवा.

आता यूएसडी, म्हणजे उलटे फोर्क. एप्रिल 2019 मध्ये बजाजने डोमिनारला 43 मिलिमीटरचे यूएसडी फोर्क दिले. त्याआधीच्या तुमच्या मॉडेलचे साधे फोर्कही 43 मिलिमीटरचेच आहेत. यूएसडीमध्ये जाड नळी वर येते आणि टीमध्ये पकडली जाते. त्यामुळे जोरात ब्रेक लावताना आणि वळणात फोर्क कमी लवतो, चाकाबरोबर हलणारं वजनही थोडं घटतं. हा फायदा खरा आहे. पण उलटा लावल्याने फोर्कला शहाणपण येत नाही. आतली स्प्रिंग पुन्हा कोणा मध्यम वजनाच्या स्वारासाठीचीच असेल, आणि 92 किलोचा प्रश्न तिथल्या तिथे राहील.

शिवाय दुसऱ्या गाडीचा फोर्क म्हणजे फक्त दोन पाय नव्हेत. दोन्ही टी, त्यांचा ऑफसेट, कोनसेटचं (हँडलच्या बेअरिंगचं) माप, अ‍ॅक्सल, चाक, डिस्क, कॅलिपरची बैठक, मडगार्ड, हँडल लॉक आणि एबीएसची रिंग हे सगळं जुळावं लागतं. फोर्कची लांबी थोडी बदलली तरी ट्रेल बदलतो, आणि सरळ रस्त्यावर गाडी किती स्थिर राहील, वळायला किती चटकन वळेल, हे ट्रेलवर ठरतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेले फोर्क मिळतात, पण असा संच बरेचदा अपघातग्रस्त गाडीतून निघालेला असतो. पाइपचा वाक काचेवर लोळवून तरी दिसतो, टीमधली बारीक चीर दिसत नाही. माझ्या घरातल्या माणसाला मी तो घेऊ देणार नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये यावर कडक भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. आतली स्प्रिंग किंवा तेल बदलल्याने नोंदणीतला एकही रकाना हलत नाही. अख्खं पुढचं टोक बदलणार असाल तर आधी बोरिवलीच्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

काहीही विकत घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे सावकाश फिरवा. मध्ये कुठे खाच लागल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेलाय, आणि ते ठोके फोर्कचे नाहीत. चाक धरून पुढे-मागे ओढा; खटखट आली तरी तेच. आणि टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजा. पंपावर ‘चाळीस टाकू का?’ म्हणणारे भरपूर आहेत, आणि फुगलेला टायर उड्डाणपुलाचा प्रत्येक जोड जसाच्या तसा हातात पोचवतो. नव्या कॉंक्रीटच्या रस्त्यांचे सांधेही मग टोचायला लागतात.

हे काम करणारे हात आपल्याकडे आहेत. 1961 मध्ये स्थापन झालेल्या गेब्रियल इंडियाचा पहिला कारखाना मुलुंडचा. शॉक अ‍ॅब्सॉर्बर या उपनगरांत साठ वर्षांपूर्वीच बनू लागले होते. बजाजला सस्पेन्शन पुरवणारी एंड्युरन्स टेक्नॉलॉजीज छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजची, आणि डोमिनार स्वतः चाकणची. मूळचे सील, बुश आणि डॅम्पर रॉड मिळवायला परदेशी पार्सलची वाट बघावी लागत नाही. मेकॅनिक निवडताना एकच प्रश्न विचारा : ‘तेलाची पातळी कशी मोजता?’ जो ‘अंदाजाने’ म्हणेल त्याच्याकडे फोर्क उघडायला देऊ नका.

तेव्हा क्रम असा : हवा आणि कोनसेट, मग सॅगचं माप, मग तेल आणि सील, मग वजनाला साजेशी स्प्रिंग, आणि लागलाच तर इम्युलेटर. यूएसडीला माझा नकार आहे. सॅगची दोन्ही मापं आणि आठवडाभराने केबल टाय कुठे थांबला तो आकडा पत्राने कळवा; स्प्रिंगचा दर किती असावा, ते पुढच्या अंकात मांडू.

प्रश्न : पावसाळ्यानंतर माझ्या गाडीच्या उजव्या फोर्कवर तेलाचं कडं दिसतं. पुसलं की दोन दिवसांनी पुन्हा येतं. सील बदलावाच लागेल का, की साफ करून भागेल?
– एक वाचक, घाटकोपर (पश्चिम)

उत्तर : एलबीएस मार्गावर मेट्रोच्या कामाचा चिखल उडवत पावसाळा काढला असेल तर शक्यता अशी की सीलच्या ओठात कचऱ्याचा कण अडकलाय. वरचं डस्ट सील स्क्रू ड्रायव्हरने न ओरखडता सरकवा. कॅमेऱ्याच्या जुन्या निगेटिव्हसारखी पातळ, लवचीक पट्टी पाइप आणि सीलच्या मधून गोल फिरवा. कण निघाला तर गळती थांबते. पण त्याआधी पाइपवरून नख फिरवा, विशेषतः पुढच्या बाजूला, जिथे खडी लागते. नख कुठे अडकलं तर क्रोमला गंजाचा खड्डा पडलाय, आणि तो खड्डा नवा सीलही महिन्याभरात कापून काढेल. मग पाइपला पुन्हा क्रोम तरी करा किंवा पाइप बदला. वर्सोवा, मढ, गोराईकडे राहणाऱ्यांनी खाऱ्या हवेमुळे ही तपासणी दर पावसाळ्याआधीही करावी.

सील बदलताना दोन्ही पायांचे बदला, तेलही दोन्हीकडचं. आणि गाडी बाहेर काढण्याआधी ब्रेकची डिस्क बघा. गळलेलं तेल पायावरून ओघळत कॅलिपरपर्यंत पोचतं. यूएसडी फोर्कमध्ये सील अगदी खाली असल्याने ते आणखी लवकर पोचतं. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून निघते. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर ते कितीही घासले, तापवले तरी पूर्ववत होत नाहीत. ते त्याच दिवशी बदला, आणि बदलेपर्यंत गाडी चालवू नका.